एकरी बावीस

नलूताईंनी आमच्या घरात पहिलं पाऊल टाकलं ते माझी कोथिंबीर उपटायला. बदलापूर पूर्वेला आम्ही नुकतंच घर घेतलं होतं. निम्मं सामान अजून खोक्यांतच होतं, पण मी हौसेने खिडकीच्या जाळीत रंगाच्या जुन्या डब्यात धणे पेरले होते आणि त्यांचं हिरवंगार रान माजलं होतं. एका दुपारी बेल वाजली. दारात साठी ओलांडलेल्या एक बाई. सुती साडी, दोरी लावून गळ्यात अडकवलेला चष्मा, चेहऱ्यावर ओळख करून घ्यायला आल्याचं कुठलंही चिन्ह नाही. "वरच्या मजल्यावर राहते, खिल्लारे," एवढं बोलून त्या सरळ खिडकीपाशी गेल्या. "खालून येता-जाता बघतेय. आता बघवेना," म्हणाल्या आणि मी काही विचारायच्या आत निम्मी कोथिंबीर मुळासकट उपटून मोकळ्या झाल्या. ती जुडी माझ्या हातात ठेवत म्हणाल्या, "ही आज आमटीत घाल. राहिलेली आता श्वास घेईल."

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं की वरच्या मजल्यावर एक वेडी बाई राहते. तो म्हणाला, आमटी मात्र छान झालीय. पुढच्या पंधरवड्यात उरलेली कोथिंबीर अशी काही फोफावली की आम्ही शेजारी वाटली. मी त्याचं श्रेय डब्यातल्या मातीला दिलं. ताईंना द्यायला माझी तेव्हा तयारी नव्हती.

नलिनी खिल्लारे हे त्यांचं नाव. अंबरनाथच्या एमआयडीसीत गोळ्या-औषधांचा एक कारखाना होता, तिथल्या तपासणी विभागात त्यांनी उभी हयात काढली. तयार मालातून मूठभर नग घ्यायचे, तपासायचे आणि अख्ख्या लॉटचं भवितव्य ठरवायचं, हे त्यांचं काम. एकदा त्यांनी 'रिजेक्ट'चा शिक्का मारला की साहेब येऊन गोड बोलला काय, नि डोळे वटारले काय, शिक्का उठत नसे. ही हकिकत त्या स्वतःच सांगत आणि दर वेळी साहेबाचा हुद्दा एका पायरीने वर चढलेला असे. नवरा फार लवकर गेला, मूलबाळ नाही. माहेर वाशिम जिल्ह्यात, रिसोडच्या पलीकडे. तिथे वडिलांची शेती होती आणि ती त्यांचा धाकटा भाऊ देवीदास कसत होता. सातबाऱ्यावर ताईंचंही नाव होतं, पण त्यांनी त्या वावरातला दाणासुद्धा कधी मागितला नाही. त्यांची मागणी एकच होती. देवीदासने सोयाबीन पेरताना एकरी बावीस किलो बी टाकावं, त्याहून एक मूठ जास्त नको.

दाटीचं त्यांना वावडं होतं. इडलीपात्रात पीठ काठोकाठ घातलेलं दिसलं की चमच्याने कमी करत. दोरीवर कपडे अंगाला अंग लावून वाळत घातलेले दिसले की कुणाचे का असेनात, चिमटे काढून सरकवत. शेअर रिक्षात मागे तिघं बसल्यावर रिक्षावाला आपल्या शेजारी चौथ्याला बोलवायला लागला की त्या विचारत, "काय रे बाबा, एकरी किती टाकतोस?" तो बिचारा गोंधळून म्हणे, "मावशी, सीट के हिसाब से है, एकर का नहीं मालूम." मग ताई स्टेशन येईपर्यंत त्याला समजावून सांगत. बदलापूर-अंबरनाथ मार्गावरचे निम्मे रिक्षावाले सोयाबीनच्या पेरणीत तयार झाले असतील ते असे.

एकदा महाशिवरात्रीला मी त्यांना अंबरनाथच्या शिवमंदिराच्या जत्रेला घेऊन गेले. घरात बुद्धवंदना म्हणणाऱ्या बाई येतात की नाही अशी शंका होती, पण त्या म्हणाल्या, "देव तुझा तू बघ, मला दगडातलं नक्षीकाम बघायचंय." नक्षीकाम दिसायला मंदिरापर्यंत पोचावं लागतं आणि त्या दिवशी तिथे मुंगीला शिरायला वाव नव्हता. माणसांच्या त्या लोंढ्याकडे त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि मला म्हणाल्या, "हे सगळं उंच वाढणार, शेंग एकाला धरायची नाही." पुढची बाई मागे वळून बघायला लागली. मी ताईंचा दंड धरून त्यांना पाळण्यांच्या बाजूला नेलं.

ह्या सगळ्यामागे नुसता विक्षिप्तपणा नव्हता हे मला एका रविवारी कळलं. त्यांनी माझ्याच स्वयंपाकघरातल्या ताटात माझीच चणाडाळ मांडून मला शेती शिकवली. डाळीचे दाणे एकमेकांना चिकटवून एक ओळ केली, सुटे ठेवून दुसरी. "ही दाट पेरलेली. ह्यांना उजेड पुरत नाही, म्हणून एकमेकांवर चढाओढ करत नुसती उंच होतात. अंगात जीव नाही, फांदी फुटत नाही. शेंगा धरतील त्या शेंड्याला दोन. आणि वारा आला की आडवी." मग सुट्या ओळीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यांना जागा मिळाली, की बाजूने फुटतात. शेंगा बुडापासून." मी म्हटलं, मग अजून पातळ पेरलं तर? त्यांनी माझ्याकडे नापास विद्यार्थिनीकडे बघावं तसं पाहिलं. "मग मधे गवत बसतं. मोकळी जागा गवत सोडतं होय? म्हणून बावीस. पण बी चांगलं हवं हां. शंभरातलं सत्तर तरी उगवायला हवं, नाहीतर आकडा वाढवायचा. आधी सॅम्पल, मग लॉट." एवढं बोलून डाळ परत डब्यात भरली. दाणे मोजून भरले असते तरी मला नवल वाटलं नसतं.

कृषी विद्यापीठाच्या पुस्तिका त्या मागवून वाचत. मोबाइलवर शेतीचे व्हिडिओ बघत, आणि आवडला नाही तर त्या सांगणाऱ्यावर चिडत. लग्न होऊन इकडे आल्यापासून त्यांनी वावरात पाऊल टाकलं होतं ते पाहुणी म्हणूनच. पेरणीच्या हंगामात त्या कधी माहेरी नसत, कारण कारखान्यात तेव्हा रजा मिळत नसे. पुढे निवृत्त झाल्यावर गुडघे रजा देईनात. थोडक्यात, एवढं सगळं ज्ञान बदलापूरच्या तिसऱ्या मजल्यावर नांदत होतं आणि ते वाशिमपर्यंत पोचवायचं साधन होतं फोन.

स्पीकरवर लावलेला हा फोन आमच्या अख्ख्या जिन्याला ऐकू जाई. एरवी आमच्याशी मुंबईकडचं मराठी बोलणाऱ्या ताई देवीदासशी बोलताना एकदम माहेरी जात.

"जयभीम, देवा. किती टाकशीन औंदा?"

"पाहू ना, ताई."

"पाहू नोको. बावीस टाक."

"हाव, पाहू."

ह्या 'पाहू'ने ताईंच्या अंगाचा तिळपापड होई. देवीदास उलट बोलत नसे, वाद घालत नसे. नुसता 'पाहू' म्हणे आणि पेरणीच्या दिवशी बापाने टाकलं तेवढंच टाके, म्हणजे एकरी तीस आणि वर मनाला येईल तसं मूठ-दोन मुठी. त्याचंही काही चुकत होतं असं नाही. काही बी पाखरं खाणार, काही कुजणार, काही उगवणारच नाही, म्हणून जास्तीचं टाकून ठेवावं असा त्याचा हिशेब. एकदा ताईंनी फारच पिच्छा पुरवला तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, तुही नोकरी व्हती. माहं हे एकच पीक हाय. बावीस टाकलं अन् नाही उगवलं, त वर्सभर काय खावं?" त्या दिवशी ताईंनी फोन लवकर ठेवला. जिन्यात मला म्हणाल्या, "खरं आहे त्याचं. पण माझंही खरं आहे." मला ते दोन्ही पटलं, पण मला कोण विचारतं?

मग एका वर्षी शेंगा भरायच्या दिवसांत वाऱ्याने देवीदासचं सगळं पीक झोपवलं. दाट, उंच, हिरवंगार पीक मातीला टेकलं. त्यातून जे निघालं ते घरच्यांच्या मेहनतीच्या मानाने काहीच नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात त्याचा आपण होऊन फोन आला. "ताई, औंदा तू सांगशीन तेवढंच बी टाकतो. साऱ्या वावरात. आता पाहू नाही म्हनत."

मला वाटलं होतं ताई पेढे वाटतील. त्या खाली आमच्याकडे आल्या आणि खुर्चीत बसून राहिल्या. चहा दिला तो निवला. शेवटी म्हणाल्या, "आता गं काय करू? इतकी वर्षं कुणी ऐकत नव्हतं, तर किती बरं होतं." मी हसले, त्या हसल्या नाहीत. "सांगणं सोपं असतं, पोरी. त्याची लेक शिकायला अकोल्याला आहे. गेलं वर्ष असं गेलं. हे वर्ष माझ्या शब्दावर गेलं तर मी कुठल्या तोंडाने त्या घरी जाऊ?" तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की ही बाई आकड्यावर एवढी अडून बसते ती गर्वाने नाही, काळजीने.

त्यांनी ठरवलं, की आधी सॅम्पल. देवीदासने घरचं राखलेलं बी पिशवीत घालून अंबरनाथला येणाऱ्या गाववाल्याबरोबर पाठवलं. आता ते ओल्या गोणपाटात ओळीने मांडायचं, गुंडाळी करायची, चार-पाच दिवस ओलसर ठेवायची आणि किती मोड आले ते मोजायचं. कुठलाही शेतकरी हे घरी करतो. अडचण एवढीच होती की बदलापुरात गोणपाट मिळेना. धान्याची सगळी पोती प्लॅस्टिकची झालेली. एका दुकानदाराने मोठ्या अभिमानाने ज्यूटची पिशवी दाखवली, तिच्यावर मोर रंगवलेला होता. ताई म्हणाल्या, "ही मी लग्नात अहेर द्यायला नेईन."

मी उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये जीन्सच्या एका कारखान्यात हिशेब बघते. कारखाना म्हणजे गल्लीत दोन मजली गाळा, खाली कटिंग, वर शिलाई, आणि जिन्यावर मी. ताईंची नजर माझ्या निळ्या पिशवीवर पडली, ती आमच्याच कतरणीची शिवलेली होती. त्यांनी ती चिमटीत धरून पाहिली. "जाड आहे. पाणी धरून ठेवतं. असलं फडकं आण मला."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या मालकांना, हरेशभाईंना विचारलं. ते सिंधी गृहस्थ, मनाने मोकळे, पण प्रत्येक गोष्टीचं कारण विचारल्याशिवाय टाचणीसुद्धा देत नसत.

"कपड़ा किसलिए चाहिए?"

"सोयाबीन उगवायचंय."

"जीन्स में?"

"हो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ले जाओ. उग गया तो बताना साईं, हम भी धंधा बदल देंगे." आणि वॉशिंगवरून डाग पडून परत आलेल्या पँटींचा एक ढीग होता, त्यातल्या दोन काढून दिल्या. ताईंना मी सांगितलं, की रिजेक्ट माल आहे. त्यांना त्यात फार गंमत वाटली. "असू दे. आयुष्यभर रिजेक्ट केला, कधी घरी आणला नव्हता," म्हणाल्या.

पँटींचे पाय उसवून, भिजवून, पिळून त्यांनी ओट्यावर अंथरले. त्यावर दहा-दहाच्या ओळींत बी मांडलं. दोन दाण्यांत बोटभर अंतर, हे सांगायला नकोच. हलक्या हाताने गुंडाळी करून ती ओट्याच्या कोपऱ्यात निजवली. सोयाबीनची साल नाजूक असते, आदळआपट सोसत नाही, म्हणून ताईंच्या घरात मिक्सर बंद, कपडे धुताना धोपटणं बंद, आणि शेजारच्या मुलांनी जिन्यात उड्या मारणंही बंद झालं. बिल्डिंगमधल्या बायका विचारपूस करायला येत. कुणी बाळंतिणीला बघायला यावं तशा त्या गुंडाळीसमोर उभ्या राहत आणि हळू आवाजात बोलून जात.

गुंडाळी उघडली तेव्हा मी तिथेच होते. निम्म्याहून जास्त दाणे नुसते फुगून बुळबुळीत झाले होते आणि त्यांच्यावर निळसर झाक होती. ज्यांना मोड आले होते तेही वाकडेतिकडे. ताईंनी मोजलं. मला मोजायला लावलं. परत स्वतः मोजलं. मग चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाल्या, "लॉट गेला."

पुढचा हिशेब त्यांनी तोंडीच केला. शंभरातले चाळीसही धड उगवणार नसतील तर वावरात हवी तेवढी रोपं उभी राहायला बी जवळजवळ दुप्पट लागणार. एवढी वर्षं ज्या बाईने बावीस बावीस करून घर डोक्यावर घेतलं होतं, तिच्याच तपासणीतून आकडा निघाला चाळीस. देवीदासनेसुद्धा जन्मात कधी एवढं दाट पेरलं नव्हतं. ताई बराच वेळ फोन हातात धरून बसल्या. पण शिक्का तो शिक्का. त्यांनी नंबर लावला.

"देवा, बी गेलेलं हाय. एकरी चाळीस टाक."

देवीदास म्हणाला, "चाळीस?"

"हाव."

"ताई, तुही तब्येत बरी हाय ना?"

"मले काय धाड भरली? बी बरं नाही तुहं. पेरनी कधी करतं?"

"पाऊस पडून वाफसा आला की दोन-चार दिवसांत." आणि फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "पाहू."

नेमका त्या दिवशी ताईंना तो 'पाहू' टोचला नाही. उरलेलं बी त्यांनी तिरमिरीत खाली नेऊन पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या मातीत भिरकावलं. निदान चिमण्या तरी खातील, म्हणाल्या.

चिमण्यांनी काही ते खाल्लं नाही. काही दिवसांनी कामावर निघताना मी टाकीमागे पाहिलं, तर माती फोडून सोयाबीन वर आलेलं. एखाददुसरं रोप नव्हे. चटई अंथरावी तसं. मी तशीच उलट वर गेले आणि ताईंना घेऊन आले. दुखरे गुडघे टेकून त्या मातीत बसल्या आणि रोपांवरून तळहात फिरवला. एवढी दाटी समोर होती, पण त्यांनी एकही रोप उपटलं नाही. त्यांचा चेहरा उतरला होता. "हे तर सगळंच उगवलंय," एवढंच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "ती पँट कुठली होती गं?"

त्या माझ्याबरोबर कॅम्प तीनला आल्या. शेअर रिक्षात चौथा माणूस बसला तरी हूं की चूं केलं नाही, तेव्हा मी खरोखर घाबरले. हरेशभाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि ताईंचं सगळं म्हणणं गंभीरपणे ऐकून घेतलं.

"वॉशिंग में ब्लीच पड़ता है ना, माताजी. और भी दवा होती है. बाद में अच्छे से धोना पड़ता है."

"आणि ही पँट धुतली नव्हती?"

"रिजेक्ट थी, तो कौन धोएगा? उसमें दवा ही ज़्यादा लग गई थी, इसीलिए तो दाग पड़ा."

ताईंनी कपाळाला हात लावला. वर शिलाईची मशिनं धडधडत होती आणि त्या आवाजात त्या मला म्हणाल्या, "दाणे तपासले. ज्या फडक्यावर ठेवले ते नाही तपासलं. कारखान्यात कुणी असं केलं असतं, तर मी त्याला दारात उभं केलं नसतं." मी म्हटलं, ताई, आधी फोन लावा. त्या जिन्यावरच उभ्या राहून फोन लावत होत्या आणि तो लागत नव्हता. देवीदास वावरात असला की त्याचा फोन घरीच खुंटीला टांगलेला असे. चांगलं, कसदार बी एकरी चाळीस किलो पडलं, तर काय होणार हे मलासुद्धा आता डाळीच्या ताटावरून माहीत होतं. गेल्या वर्षीपेक्षा उंच, गेल्या वर्षीपेक्षा दाट, आणि एका वाऱ्यात आडवं. तेही ह्या वेळी ताईंच्या शब्दावरून.

फोन लागला तो दिवेलागणीला, आमच्या घरातून.

"देवा, पेरलं?"

"हाव, ताई. पेरलं."

"सारं?"

"सारं. कालच आटोपलं."

ताईंनी डोळे मिटले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग त्या म्हणाल्या, "देवा, माहं चुकलं." हे शब्द त्यांच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकले नव्हते, आणि देवीदासनेही ऐकले नसावेत. ताईंनी पँट, ब्लीच, टाकीमागची रोपं, काही लपवून न ठेवता सगळं सांगितलं. "तुह्या बियाले काहीच झालं नवतं रे. म्याच त्याले मारलं अन् तुले चाळीस सांगतलं."

देवीदास खाकरला. "ताई, रागावशीन नाही त एक सांगू?"

"सांग."

"म्या चाळीस टाकलंच नाही."

"मंग किती टाकलं?"

"बावीस."

ताई ताठ बसल्या. "म्या चाळीस सांगतलं अन् तू बावीस टाकलं?"

"इतके वर्सं तू एकच सांगत आली, ताई. अन् एका फोनात चाळीस झालं. मले वाटलं, काहीतरी बिघडलं. मंग शोभानं घरी गोनपाटात बी टाकून पाह्यलं. दहा-दहाच्या ओळीनं, बोटभर जागा सोडून, तू सांगत असते तसं. चांगलं उगवलं ते. तुले सांगतलं असतं त तू चिडली असती, म्हनून नाही सांगतलं."

शोभा म्हणजे देवीदासची बायको. ताईंनी पुढे काही ऐकलं नाही. फोन बंद करून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघून रागाने म्हणाल्या, "बघितलंस? म्हणाला होता तू सांगशील तेवढं टाकतो. शेवटी ऐकलं नाहीच माझं." मी म्हटलं, "नाही कसं? शोभावहिनींनी ओळी घातल्या त्या कुणाचं ऐकून?" ताई काहीतरी फटकळ बोलायला गेल्या आणि त्यांना रडू फुटलं. रडता रडता हसायलाही लागल्या. "मला वाटायचं मी भिंतीला सांगतेय," म्हणाल्या. "आणि ते दोघं ऐकत होते गं." त्या दिवशी आम्ही दोघींनी आमटीभात खाल्ला आणि भांडी तशीच ठेवून गप्पा मारत बसलो.

दसऱ्याच्या आधी ताई गुडघ्यांना पट्टे बांधून माहेरी गेल्या. तिथून मला व्हिडिओ कॉल केला. पडद्यावर आधी बराच वेळ आकाश दिसलं, मग ताईंचा कान, मग वावर. पीक उभं होतं. शेंगा बुडापासून लगडल्या होत्या, आणि ताई एकेक झाड वाकवून दाखवत होत्या. मागून देवीदासचा आवाज आला, "पानीबी वेळेवर पडलं औंदा." ताई कॅमेरा स्वतःकडे वळवून म्हणाल्या, "ऐकलंस? आता श्रेय पावसाला." पण आवाजात राग औषधालाही नव्हता. परत आल्या त्या चांगल्याच रापून, आणि एक गोणपाट घेऊन. जिन्यात जो भेटेल त्याला त्या आता नवीन उपदेश करत: "कुणाला नापास करायच्या आधी आपलं फडकं तपासावं." आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हे वाक्य त्यांनी भर मीटिंगमध्ये ऐकवलं आणि त्याला ते अजून कळलेलं नाही.

त्याच हिवाळ्यात ताई गेल्या. छातीत दुखतंय म्हणाल्या, आम्ही रिक्षाने दवाखान्यात नेलं आणि परत आणायची वेळ आली नाही. देवीदास आला. उंच, किडकिडीत, बोलायला अवघडणारा माणूस. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, घर रिकामं झालं, आणि निघताना तो मला फक्त "येतो, वहिनी" म्हणाला. वरच्या मजल्यावर आता एक नवं जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत. पण जिना फार शांत झालाय, आणि ते मला अजूनही आवडत नाही.

ह्या जूनमध्ये मी कारखान्यात बसले होते, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला.

"जयभीम, वहिनी. देवीदास बोलतो."

मी आवाज ऐकू यावा म्हणून जिना उतरून गल्लीत आले. ख्यालीखुशाली झाली. मग त्याने घसा साफ केला. "बी टाकलं व्हतं भिजवून. पंच्याहत्तरेक उगवलं. उद्या पेरनी हाय. एकरी बावीस टाकतो म्हनतो."

मी म्हटलं, "दादा, मला ह्यातलं काय कळतंय?"

"नाही, ते माहीत हाय मले," तो म्हणाला. "तुमाले काही इचारत नाही मी. पेरनीच्या आधी सांगाची सवय पडली. अठी कोनाले सांगू?"

वर मशिनं चालू होती. मला ताईंची फार आठवण आली.

"किती म्हणालात?" मी विचारलं.

"बावीस."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "पेरा."

"हाव," तो म्हणाला. पण त्याने फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.